वानच्या काठाने : प्रस्तावना

हिवरखेड मागे टाकून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला काळी जमीन कोठे संपली आणि सातपुडा कोठे सुरू झाला हे नेमके सांगता येत नाही. पऱ्हाटीच्या ओळी विरळ होत जातात, बांधावरच्या बाभळींच्या जागी पळस येतो, पळसामागून साग येतो, पायाखालच्या ढेकळांत मुरूम मिसळू लागतो, आणि मग एका वळणावर गवतात बुडालेला मातीचा एक लांबच लांब भराव आपल्या सोबतीने चालू लागलेला दिसतो. त्याच्या कडेला काळ्या दगडाची खडी अजून घरंगळलेली आहे, आणि पावसाळी नाल्यावर जेथे जेथे मोरी आली आहे तेथे तेथे मनुष्याने रेखलेली एक सरळ रेषा झाडोऱ्यातून डोके वर काढते. अकोला-खांडवा या मीटरगेज रेल्वेमार्गाचा हा भराव. २०१७ च्या आरंभी या मार्गावरची गाडी बंद झाली, आणि तेव्हापासून वान नदीच्या खोऱ्यात त्या मार्गाचे आणि अरण्याचे जे काही चालले आहे, त्याचे वर्णन हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तकाचे कर्ते माझे जुने स्नेही. तीस वर्षे त्यांनी अकोट तालुक्यात शिक्षकी केली, आणि निवृत्तीनंतर, निरनिराळ्या ऋतूंत, दर खेपेस रीतसर परवानगी काढून व वनखात्याचा नाकेदार बरोबर घेऊन, ते या खोऱ्यात पायी हिंडले. टिपणे त्यांनी शाळेतल्या जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठींवर लिहिली, आणि ती माझ्या हाती आली तेव्हा कित्येक पानांवर सागाच्या पानाचा तांबूस डाग उतरलेला होता. प्रस्तावना लिहिण्याची विनंती त्यांनी केली तेव्हा मी प्रथम अनमान केले, कारण मी अभियंता नव्हे आणि वनस्पतिशास्त्राचाही अभ्यासक नव्हे. परंतु अकोल्यात लहानाचा मोठा झालेल्या मनुष्याच्या कानी 'छोटी लाईन' हे दोन शब्द पडले म्हणजे त्याला नाही म्हणणे जड जाते.

प्रथम नदीविषयी लिहिले पाहिजे, कारण या कथेत नदी आधीची आहे. मेळघाटातील खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या आपले पाणी तापीला नेऊन देतात. वान मात्र पाठ फिरवून दक्षिणेस निघते, गाविलगडच्या डोंगररांगेतून वाट काढीत वारीजवळ मैदानात उतरते, आणि अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांच्या सरहद्दीवरून वाहत पूर्णेस मिळते. पूर्णा पुढे चांगदेवापाशी तापीलाच मिळत असल्यामुळे, मेळघाटाच्या एका अंगाने निघालेले आणि दुसऱ्या अंगाने निघालेले पाणी शेवटी एकत्र येते खरे. पण मधल्या वाटेत वानचे पाणी ज्या मुलुखातून जाते तो मुलूख अगदी वेगळा आहे. वरच्या अंगाला काळ्या पाषाणाची कपार, कुंड, धावडा, सालई, हळदू, तिवस आणि बांबूची बने. खालच्या अंगाला कापूस, तूर, ज्वारी आणि तहान.

डोंगर चढू पाहणाऱ्या रेल्वेला नदीचा आधार घ्यावा लागतो, हे कोणाही घाटात दिसते, परंतु या खोऱ्यात ते पायांना कळते. बैल सरळ चढ चढू शकतो, माणूस तर त्याहून तीव्र चढ चढतो. लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक मात्र थोड्याशाच चढाला निसटू लागते, आणि म्हणून लोहमार्ग आखणाऱ्याला डोंगरातील अशी वाट शोधावी लागते की जिचा उतार हजारो वर्षे कोणीतरी आधीच घासून सौम्य करून ठेवलेला आहे. ते काम पाण्याने केलेले असते. माझ्या स्नेह्यांनी एका टिपणात भरावावर उभे राहून नदीकडे आणि नदीच्या वाळूत उभे राहून भरावाकडे पाहिल्याचे लिहिले आहे, आणि दोन्ही ठिकाणांहून त्यांना एकच गोष्ट आढळली: नदी जेथे वळते तेथे भराव वळतो, नदी जेथे अरुंद होते तेथे तो कपारीला चिकटतो, आणि नदी जेथे हट्टाने आडवी येते तेथेच काय ती पुलाची पाळी येते. भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवूनही हे आपणास कधी दिसले नव्हते, असे ते मोकळेपणाने लिहितात, आणि माझ्या मते या पुस्तकाचे सगळे मर्म त्या एका कबुलीत आहे.

अरण्य, नदी आणि उद्योग यांचा संबंध विलायतेत निराळ्या रीतीने जुळला. इंग्लंडातील डर्वेंट नदीच्या खोऱ्यात, क्रॉमफर्ड येथे, रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये सुताची गिरणी उभारली ती बारमाही वाहत्या पाण्यावर चालण्यासाठी. तेथे गिरणीच नदीकाठी गेली, आणि आता त्या खोऱ्यातील गिरण्या जागतिक वारसा म्हणून गणल्या जातात व लोक तेथे झाडांच्या सावलीतून पायी हिंडतात. आमच्या वऱ्हाडच्या नद्या चार महिने दुथडी भरून वाहतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत वाळूखाली जातात. अशा नदीवर पाणचक्कीचा भरवसा कोणी धरावा? म्हणून वऱ्हाडातला कारखाना नदीकाठी न जाता रेल्वेच्या ठेसनाजवळ गेला, त्याची शक्ती वाफेची झाली, आणि डोंगराकडे त्याने पाहिले ते लाकडासाठी. जिनिंगचे धुराडे मैदानात आणि त्याच्या मागची रसद डोंगरात, अशी ही विभागणी होती. ती ध्यानात न घेता जो कोणी वऱ्हाडच्या औद्योगिक वारशाचा शोध घेईल तो अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या गावकुसापाशीच थांबेल.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत या मुलुखाचे रूप पालटले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांची रुई बंद झाली, आणि कापसाचा भाव असा वाढला की त्याची आठवण वऱ्हाडच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा निघाला. याच सुमारास मेळघाटचे अरण्यही सरकारने राखीव करून त्याच्या हद्दी दप्तरी नोंदवावयास आरंभ केला, आणि हा योगायोग नव्हे, कारण रुळांखाली घालावयाचे सिलिपाट, पुलांच्या तुळया, जिनिंगच्या इमारतींचे छत या सर्वांना साग हवा होता. पुढे विसाव्या शतकात मूर्तिजापूरहून अचलपुरास ७६ किलोमीटर आणि यवतमाळास ११३ किलोमीटर अशी अरुंद मापाची 'शकुंतला' धावू लागली, अचलपुरात व बडनेऱ्यात कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, परतवाड्याचा लाकूडबाजार नावारूपास आला. शकुंतलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. तेव्हा मी येथे तिची नुसती आठवण करून पुढे जातो.

आपल्या विषयाचा मार्ग त्या मानाने पुष्कळ अलीकडचा. निजामाच्या राज्यात पूर्णा जंक्शनहून निघालेला मीटरगेज मार्ग १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत येऊन थांबला होता, आणि उत्तरेस खांडव्यापासून इंदूर, रतलाम, अजमेर या बाजूला मीटरगेजचेच मोठे जाळे होते. मध्ये वाशीम, अकोला, अकोट आणि सातपुडा एवढे अंतर रिकामे राहिले. ते भरून काढण्याचे काम स्वराज्य आल्यावर पहिल्या पंचवार्षिक योजनांच्या काळात झाले. म्हणजे वान खोऱ्यातले हे पूल आणि भराव गोऱ्या साहेबाने बांधलेले नव्हेत. आपल्याच अभियंत्यांनी, आपल्याच बेलदारांनी आणि डोंगरातल्या मजुरांनी ते घातले, आणि जमशेदपुरात बांधलेल्या वाफेच्या इंजिनांनी त्यावरून गाड्या ओढल्या. जुने म्हणजे इंग्रजांचे असे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की स्वातंत्र्याच्या पहिल्या उमेदीत झालेले हे काम वारसा या सदरात मोडते हे आपल्या गावीही नाही, याचे मला वाईट वाटते.

या मार्गाने जयपूरहून काचीगुड्यास जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस आमच्या अकोल्यावरून जाई. राजस्थानी फेटे आणि तेलंगणी लुगडी एकाच डब्यात, आणि मध्ये अकोटला चढलेला एखादा शेतकरी, असे दृश्य मी लहानपणी पाहिले आहे. १९६६ नंतर हा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला, आणि ज्या वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाकडून सुटला होता त्या वऱ्हाडातील या एका रेषेचे दप्तर पुन्हा सिकंदराबादेस जाऊन बसले. अकोल्याच्या ठेसनात मुंबई-नागपूर 'मोठ्या लाईनी'चा कारभार मराठी-हिंदीत आणि पलीकडच्या फलाटावर छोट्या लाईनीचे गार्डसाहेब तेलुगूत बोलत, याचे आम्हां मुलांना अपार कुतूहल असे.

आता धूळघाटाकडे वळतो. वान रोड हे ठेसन सोडल्यावर खोरे आवळत जाते, आणि धूळघाटाच्या अलीकडे अशी जागा येते की नदीने दिलेला उतारही पुरेनासा होतो. तेव्हा मार्ग आखणाऱ्यांनी गाडीला डोंगराभोवती पूर्ण वळसा घालावयास लावला: रूळ टेकडीला प्रदक्षिणा घालून, उंची कमावून, खालून गेलेल्या आपल्याच रुळांवरून पुलाने पलीकडे जात. नकाशात ही आकृती थेट आपल्या देवनागरी चारच्या आकड्यासारखी दिसते, आणि या भागातले लोक तिला चारचा आकडाच म्हणतात. माझ्या स्नेह्यांच्या बरोबर एका फेरीत मी स्वतः होतो. रेल्वेच्या ग्यांगमध्ये उमेदीची वर्षे काढलेले हिवरखेडचे एक वृद्ध गृहस्थ आमच्या सोबत आले होते, वळशाच्या माथ्यावर ते थांबले, धोतराचा सोगा सावरला, आणि खाली झाडीत बोट दाखवून म्हणाले, "थे पाय बावा, मंघा आपन तथूनच आलो." त्यांच्या बोटाच्या रोखाने खाली पाहिले तो, सागाच्या पानांच्या फटीतून, तासाभरापूर्वी आम्ही ज्या मोरीवर बसून भाकरी सोडली होती तिचा कठडा दिसत होता. एवढे चाललो आणि जेथून निघालो त्याच्या डोक्यावर येऊन उभे राहिलो! ते गृहस्थ आम्हांला सांगत होते की पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन हा वळसा तपासावा लागे, दरडीचा एक धोंडा रुळावर आला तरी गाडीचा घात होईल म्हणून. आणि वाघाचे भय वाटत नसे काय, या प्रश्नावर त्यांनी एवढेच सांगितले की भय अस्वलाचे, कारण ते मोहाच्या दिवसांत तऱ्हेवाईक असते.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकाला पुढच्या ठेसनाचा दाखला हातात घेतल्याखेरीज गाडी हलवता येत नसे. मीटरगेजवर हा दाखला पोलादी गोळ्याच्या रूपात असे. चामडी पिशवीत घातलेला, वेताच्या मोठ्या कडीला अडकवलेला तो गोळा फलाटावरचा खलाशी हात उंचावून धरी आणि इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून कडीत हात घालून तो उचली. दऱ्याखोऱ्यांतला सगळा कारभार अशा मूठभर गोळ्यांवर चाले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. आणि या ठेसनांवर उतारू ते कोण? अडगाव, हिवरखेडपर्यंत बाजारहाटाची माणसे, त्यापुढे कोरकू. पक्का रस्ता नाही, मोटार नाही, अशा वस्त्यांना रुग्णाला अकोटच्या दवाखान्यात नेण्यास, धारणीकडील नातलगाला भेटण्यास, मोहाची फुले, डिंक, चारोळी, सीताफळे विकावयास हीच एक गाडी होती. धूळघाट या नावाची एकाहून अधिक गावे असल्यामुळे त्यांतले एक महसुली कागदांतही 'धूळघाट रेल्वे' म्हणूनच नोंदले गेले. गाडी गेली, पण गावाच्या नावातली रेल्वे राहिली आहे.

गाडी का गेली, याविषयी मत देणे मला प्राप्त आहे. अकोल्यापासून पूर्णा जंक्शनपर्यंतचा मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला होता, उत्तरेकडचा भागही रुंद करावयाचा ठरला, आणि अकोटपर्यंत मोठी लाईन आलीही. परंतु पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत १९७३-७४ मध्ये मेळघाटाची गणना झाली, १९९७ मध्ये २११ चौरस किलोमीटरचे वान अभयारण्य जाहीर झाले, आणि जुना मार्ग या क्षेत्राच्या ऐन अंतर्भागातून जातो. रुंद मार्ग म्हणजे वेगवान गाड्या, रात्रंदिवसाची मालवाहतूक, नवे बोगदे, नवी तोड. २०२१ मध्ये राज्य शासनाने हा मार्ग अरण्याबाहेरून, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांच्या बाजूने, न्यावा अशी भूमिका घेतली. लांबी वाढेल, खर्च वाढेल. पण त्या तालुक्यांना आजवर रेल्वेचे तोंड दिसले नाही हेही खरे. ज्याने बालपणी त्या गाडीच्या खिडकीत बसून सागाची फुले पाहिली त्याला हे म्हणणे सोपे नाही, तथापि म्हणतो: गाडी बाहेरून जावी. हा मार्ग अभयारण्याच्या जाहीरनाम्यापेक्षा जुना असेल, पण खोरे, वाघ आणि रानपिंगळा हे मार्गापेक्षा जुने आहेत, आणि एकदा तुटलेले अरण्य कोणत्याही अंदाजपत्रकात बसवता येत नाही.

मात्र ज्या न्यायाने गाडीला बाहेर जावे लागले त्याच न्यायाने माणसांनाही जावे लागले, आणि तेथे माझे मन इतके निःशंक नाही. सोमठाणा, धारगड, बारुखेडा, गुल्लरघाट, केलपाणी ही खोऱ्यातली गावे उठली आणि अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात वसवली गेली. कोरकू या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ 'माणसे' एवढाच. त्यांची भाषा मराठी-हिंदीशी नाते नसलेली, मुंडा कुळातली, त्या कुळाची अगदी पश्चिमेची शाखा. ती जंगलातल्या प्रत्येक नाल्याला नाव देते, आणि काळ्या जमिनीत त्या नावांना ठाव नाही. मिळालेली जमीन, पाणी, रोजगार यांविषयीची गाऱ्हाणी घेऊन यांतली काही कुटुंबे पुन्हा डोंगरात जाऊन बसली होती, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाची यात्रा भरते, तेव्हा पोपटखेडच्या वाटेने मैदानातले हजारो लोक कावडी घेऊन जातात. त्या गर्दीत आपल्याच गावाच्या जागी पाहुण्यासारखे आलेले लोकही असतात. पुस्तकातील धारगडचे प्रकरण मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा कठीण गेले.

वानचे पाणी मैदानात कोणासाठी उतरते हेही पाहिले पाहिजे. पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा आहे. विहीर खणावी तो खारे पाणी, आणि त्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्यांची मूत्रपिंडे जर्जर केली. वारीजवळ वानवर धरण झाले, त्या जलाशयास हनुमान सागर म्हणतात, आणि त्याच्या पाण्यावर अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजना उभी राहिली. त्या खेड्यांतील एखाद्या अंगणात पितळी हंडा नळाखाली धरून बसलेल्या आजीबाईला आपल्या घोटात कोणत्या डोंगराची सावली आहे हे ठाऊक असो वा नसो, वरच्या अंगाचा साग तुटला तर खाली गाळ येईल आणि हंडा रिता राहील. या दृष्टीने पाहता वान खोरे हा अकोला जिल्ह्याच्या स्वयंपाकघराचाच भाग ठरतो.

खोऱ्याच्या पूर्वेस नरनाळा किल्ला आहे. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून त्याची नोंद आहे, १४८७ च्या महाकाली दरवाज्यावरचे नक्षीकाम पाहण्यास लोक येतात, पुरातत्त्व खात्याचा फलकही तेथे आहे. मी नरनाळ्याचा अभिमानी आहे. तरी मला वाटते की किल्ल्याच्या दरवाज्याला जो आदर आपण देतो त्याचा थोडा अंश त्या बिनफलकाच्या मोरीलाही द्यावा, जिच्या दगडांच्या सांध्यांत आता पिंपळाचे रोप धरले आहे आणि जिच्या सावलीत साळिंदराचे काटे पडलेले आम्ही पाहिले. मध्य प्रदेशात याच जाळ्यातला पातालपाणी-कालाकुंड हा तुकडा २०१८ पासून वारसा गाडी म्हणून चालवला जातो. वान खोऱ्यात तसे होऊ नये. येथे गाडी नको, गर्दीही नको. येथे हवी ती नोंद: कोणते ठेसन कोठे होते, कोणत्या पुलाचा दगड कोणत्या खाणीतला, ग्यांगची चाळ कोठे, पाण्याची टाकी कोठे, आणि कामकऱ्यांच्या तोंडचे शब्द कोणते. सिलिपाट, चावीवाला, मुकादम, गोळा, ठोकर, खडी मारणे, रूळ ओढणे, असे दीडशेहून अधिक शब्द माझ्या स्नेह्यांनी जमवले आहेत, आणि ते सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पलीकडे आहेत.

वाचकांस एक विनंती. हे खोरे संरक्षित क्षेत्र आहे. पुस्तक वाचून उत्साहाने कोणी विनापरवाना भरावावर पाऊल ठेवू नये. ज्यांना चालावयाचे आहे त्यांना हिवरखेडपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतची वाट आणि वारीच्या धरणाचा परिसर पुरेसा आहे. पुढचे अंतर या पानांतून चालावे.

पहिले टिपण पौषातले आहे. पहाटेच्या एस.टी.ने लेखक हिवरखेडला उतरतात, चहाच्या टपरीवर अजून शेगडी पेटायची आहे, शेतात तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, आणि उत्तरेला, धुक्याच्या वर, डोंगराची एक निळी कड नुकतीच दिसू लागली आहे.

अकोला, मकरसंक्रांत